जवाच्या दाण्याएवढे अंतर

मित्रांनो, तेहरानच्या या संग्रहालयात, तिसऱ्या दालनात, काचेच्या पेटीत उभी टांगलेली ती लांब मानेची जुनी तार मीच. तार म्हणजे कपडे वाळत घालायची नव्हे. मी वाद्य आहे, तुमच्या सतारीची लांबची बहीण, अंगाने लहान आणि स्वभावाने तिरसट. लोक येतात, माझ्यापुढे क्षणभर थांबतात, पाटी वाचतात आणि पुढच्या दालनातले सोन्याचे खंजीर बघायला निघून जातात. तुम्ही जरा थांबा. पाटीवर जे लिहिले आहे ते खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे ठाऊक असलेले या जगात आता दोघेच उरले आहेत. त्यातली एक मी.

माझा जन्म इस्फहानचा. जुल्फा मोहल्ल्यात उस्ता मेल्कोन नावाचा आर्मेनियन कारागीर होता. त्याने तुतीचे खोड सात वर्षे सावलीत वाळवले आणि मग माझे पोट कोरले. मान केली अक्रोडाची आणि तिच्यावर उंटाच्या हाडाच्या दोन पट्ट्या बसवल्या. राहिले पोटावरचे कातडे. ते कशाचे असते, ऐका. गाभण मेंढी कापतात आणि तिच्या पोटातल्या कोकराचे कातडे काढतात. जन्मलेल्या कोकराचे चालत नाही, ते जाड निघते. असे कातडे फार पातळ, म्हणून आवाज फार गोड, आणि म्हणून ते फार टिकतही नाही. माझे आजवर अकरा वेळा बदलले. लोक माझ्या आवाजाला कोवळा म्हणत तेव्हा मला ती अकरा कोकरे आठवत.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा तिच्यावर आहे. तुमच्या सतारीचे पडदे धातूचे असतात. माझे मेंढीच्या आतड्याच्या तातीचे आहेत. मानेभोवती तीन-चार वेढे घालून गाठ मारायची, झाला पडदा. तो घट्ट असतो, पण अंगठ्याने रेटला तर सरकतो.

मला घेतले मिर्झा एनायतने. मी त्याला एकेरीत बोलते याचा राग मानू नका. आम्हा तारांना मांडीवर घेत नाहीत, छातीशी धरून वाजवतात. तीस वर्षे ज्याचे काळीज पाठीला लागून धडधडत होते, त्याला अहो-जाहो कसले करायचे?

त्या काळी रस्त्यात वाद्य दिसले की लोक नाक मुरडत, कुणी थुंकतही. मिर्झा मला अंगरख्याच्या आत काखेत दडपून न्यायचा आणि सुभेदाराच्या बैठकीत पोचला की बाहेर काढायचा. तिथे मात्र सगळे त्याला डोक्यावर घेत. आमचे संगीत कागदावर लिहून ठेवलेले नव्हते. सेगाह, होमायून अशी त्यातली मोठमोठी घरे, आणि प्रत्येक घरात सुरावटींचे छोटे छोटे तुकडे. त्या तुकड्यांना आम्ही कोपरे म्हणतो. असे सव्वादोनशे कोपरे, ठरलेल्या क्रमाने, एकही न गाळता पाठ असले तर माणसाला उस्ताद म्हणायचे. या सगळ्या ओळीचे नाव रदीफ. उस्तादाने वाजवायचे, शिष्याने तसेच्या तसे परत वाजवायचे. लिहायला बंदी. छातीकडून छातीकडे द्यायचे, असे आमचे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. मी त्या दोन छात्यांच्या मध्येच असे, म्हणून काय काय दिले जाते ते मला चांगले ठाऊक आहे.

सेगाहमध्ये एक कोपरा होता, पाचिनार नावाचा. चिनाराच्या बुंध्याशी बसलेल्या माणसाचा, असे म्हणत. जेमतेम दोन मिनिटांचा. मिर्झाचे गुरुबंधू गेल्यापासून तो मिर्झाशिवाय कुणालाच येत नव्हता, कारण त्यात एक मेख होती. तो सुरू होताना सातवा पडदा जवाच्या दाण्याएवढा खाली, माझ्या पोटाच्या दिशेने सारावा लागे, आणि संपला की परत वर. तेवढ्याने एक सूर असा काही लागे की हुक्के ओढणारे थांबत. ही मेख कुणाला दिसू नये म्हणून मिर्झा पाचिनार वाजवताना बैठकीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवायचा. लोकांना वाटे, केवढी ही तल्लीनता! काहींच्या डोळ्यांत पाणी यायचे. त्या वेळी मिर्झाचा अंगठा चोरासारखा पडदा सारत असायचा.

ही चोरी ठाऊक होती फक्त त्याच्या बायकोला. तिचे नाव गौहर. आतडी धुणे, पिळणे, सुकवणे आणि माझ्या मानेवर पडदे बांधणे हे तिचे काम. कणीक मळता मळता ती पाचिनार गुणगुणायची, आणि तिचा सूर नेहमी नेमका लागायचा. तिला कुणी उस्ताद म्हटले नाही. तिलाही त्याचे काही वाटत नसावे, किंवा वाटत असेल तर तिने त्याचा कधी ताकास तूर लागू दिली नाही.

मग रहमत आला. विशीतला तरुण, बाप कापडावर ठशांनी नक्षी छापणारा. त्याची नखे काळ्या रंगाने कायमची माखलेली असत. सुभेदाराच्या वाड्यावर छापील पडदे पोचवायला गेला असताना त्याने बाहेरच्या खोलीतून, जोडे ठेवतात तिथून, पाचिनार ऐकले आणि बापाचा धंदा सोडला. मिर्झाने त्याला पहिली दोन वर्षे मला हात लावू दिला नाही. पाणी भर, लाकडे फोड, बैठकीला माझ्यामागून चाल आणि जोड्यांजवळ बसून ऐक. तिसऱ्या वर्षी पहिला कोपरा दिला.

आमची नखी पितळेची असते, आणि धरायला सोपी जावी म्हणून तिचे मागचे टोक मेणाच्या गोळ्यात बसवतात. थंडीत मेण कडक होते, मग ते समोवारवर, म्हणजे चहाच्या निखाऱ्यांच्या बंबावर, जरा मऊ करून घेतात. चौथ्या हिवाळ्यात रहमतने एका कोपऱ्याच्या शेवटी आपल्या मनाची एक छोटीशी मुरकी घेतली. चांगली होती, मी सांगते ना. मिर्झाने मेणाचा गोळा समोवारच्या निखाऱ्यापाशी धरला, पार वितळू लागेपर्यंत, आणि रहमतचा उजवा तळहात उघडून त्यात दाबला. गार होईपर्यंत मूठ उघडायची नाही, असे सांगितले. मग स्वतः साखरेचा खडा दातांत धरून सावकाश चहा प्यायला.

"काय शिकलास?" चहा संपल्यावर त्याने विचारले.

"स्वतःचं काही घालायचं नाही, उस्ताद."

"आणि?"

"उस्तादाचा पडदा उस्तादाने बांधलाय तिथेच."

"शहाणा आहेस," मिर्झा म्हणाला. "आता भांडी घास."

हा आमच्याकडचा नियमच होता. उस्तादाच्या वाद्यावरचा पडदा शिष्याने कधी हलवायचा नाही. तो रहमतच्या तळहातावर गोल डागासारखा उमटला आणि जन्मभर राहिला.

बारा वर्षे गेली. रहमतला सव्वादोनशेपैकी एक सोडून सगळे कोपरे आले. मिर्झा आजारी पडला. अंगणात डाळिंबे पिकली होती, ऊन खोलीत आले होते, आणि रहमत त्याच्या उशाशी गुडघे टेकून बसला होता.

"उस्ताद, एकच राहिलाय."

"बारा वर्षं झाली ना रे? माझ्या घागरी मोजत होतास की काय?"

"घागरी नाही. कोपरे मोजले."

मिर्झा हसला, खोकला, आणि त्याने बदल्यात वचन मागितले. आपल्यामागे गौहर एकटी उरेल, तिला हिवाळाभर पीठ आणि लाकूडफाटा आणून द्यायचा. रहमतने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मग मिर्झाने मला छातीशी धरले आणि सवयीने भिंतीकडे तोंड फिरवले. मी वाट पाहत होते. त्याचा अंगठा सातव्या पडद्यावर आला, तिथे क्षणभर थांबला, आणि पडदा न सारताच पुढे गेला.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या वेळी ओरडले असते. पण मला वाजवणारा जे वाजवील तेच माझे बोलणे. मी पाचिनार चुकीचे बोलले. रहमतने सात वेळा ते परत वाजवले, सातही वेळा भिंतीकडे तोंड करून. मिर्झाने त्याला तसे करायला सांगितले नव्हते. त्याने जे पाहिले ते सगळे उचलले.

तो गेल्यावर गौहर अंगणातून आत आली. तिचे हात आतडी धुऊन ओले होते.

"पडदा हलला नाही," ती म्हणाली.

"नाही हलला."

"बारा वर्षं राबलाय तो पोरगा. का केलंत असं?"

"माझ्या उस्तादाने आम्हाला सगळं देऊन टाकलं होतं. शेवटची पाच वर्षं त्याच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. मीही नाही गेलो."

"तुम्ही आता मरताय. आता कशासाठी राखून ठेवायचं?"

मिर्झाने जरा विचार केला. "तो जन्मभर वाजवील," तो म्हणाला, "आणि म्हणत राहील, मिर्झासारखं काही जमत नाही बुवा." आणि तो इतका हसला की गौहरला त्याच्या तोंडाला पाणी लावावे लागले. दोन दिवसांनी तो गेला.

गौहरने ठरवले होते, चाळिसाव्या दिवसाच्या विधीला रहमत येईल तेव्हा त्याला खरे सांगायचे. रहमत तिसऱ्याच दिवशी आला, मला घोंगडीत गुंडाळून घेऊन गेला, आणि परत त्या घराची पायरी चढला नाही. पीठ नाही, लाकूडफाटा नाही, चाळिसावाही नाही. त्या हिवाळ्यात तिने काय जाळले ते मला पुढे कळले. माझ्याआधीच्या दोन मोडक्या तारा जाळल्या.

रहमत तेहरानला आला आणि त्याचे नाव झाले. मिर्झा एनायतने मरताना ज्याला शेवटचा कोपरा दिला तो एकमेव शिष्य, अशी त्याची ख्याती. घर झाले, शाळा झाली, रेडिओवर बोलावणी येऊ लागली. बाहेर सगळे वाहवा करत होते आणि आत, दुपारी दार लावून, तो रोज पाचिनार वाजवत बसायचा. त्याने ते जोड्यांजवळ बसून ऐकले होते ना! आपले तसे लागत नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होते. त्याने बोटे बदलली, नखी बदलली, माझे कातडे बदलले, भिंत बदलली. पडद्यावर त्याची शंका एकदाही गेली नाही. जुनी तात झिजली की तो दोऱ्याने माप घेऊन नवी बरोबर त्याच जागी बांधायचा. माझ्या हाडावर, सातव्या पडद्याच्या जवभर खाली, मिर्झाच्या तीस वर्षांच्या सारण्याने पडलेली बारीक खाच होती. तिच्यावरून रोज त्याचे बोट फिरायचे. म्हाताऱ्या हाडाला रेघा पडायच्याच, असे समजून तो पुढे जायचा.

एकदा त्याने डावा हात भिंतीवर आपटला. "हातातच खोट आहे माझ्या," तो बायकोला म्हणाला. ती बिचारी कोमट पाणी घेऊन आली. मिर्झाचा शाप तंतोतंत फळला, आणि मला त्याची दया आली. गौहरच्या हिवाळ्याची आठवण झाली की ती आटायची.

अशी एकोणीस वर्षे गेली. मग एका सरकारी कचेरीने ठरवले की सगळा रदीफ फितीवर नोंदवून ठेवायचा आणि देशभरच्या शाळांत त्यावरून शिकवायचे. वाजवणारा अर्थातच उस्ताद रहमत. पुढच्या मंगळवारी सुरुवात. त्याआधीच्या शनिवारी सकाळी त्याच्याकडे एकटी फरंगीस शिकायला बसली होती. चोवीस वर्षांची, शिक्षकाची मुलगी, त्याच्या सगळ्या शिष्यांत सर्वांत तयार कानाची. पाचिनारचाच धडा चालला होता. दोघेही भिंतीकडे तोंड करून बसली होती, कारण आता तो शिकवण्याचा भागच झाला होता.

दार वाजले आणि गौहर आत आली. वाकलेली, धुळीने माखलेली, हातात फडक्यात बांधलेली तीन डाळिंबे. इस्फहानहून बसने आली होती. रहमतने तिला लगेच ओळखले. त्याचे काळीज माझ्या पाठीवर एकदम जोराने आपटले.

"तांदूळ निवडत होते," ती बसता बसता म्हणाली. "रेडिओवर तुझं पाचिनार लागलं. म्हटलं, हा मेला अजून तसंच वाजवतोय."

"खानूम, मिर्झांनी मला जसं दिलं तसंच..."

"मिर्झांनी तुझ्या तोंडाला पानं पुसली. आण ती इकडे."

तिने मला ओढून घेतले आणि सातव्या पडद्यावर अंगठा ठेवला. रहमतचा हात आपोआप पुढे आला. उस्तादाचा पडदा हलवायचा नसतो, असे काहीतरी तो पुटपुटला.

"बांधला कुणी होता तो?" गौहर म्हणाली. "मीच ना?" आणि तिने तो खाली सारला. पडदा खाचेत असा बसला की जसा काही तिथेच राहायला निघाला होता. "आता वाजव."

त्याने वाजवले. मित्रांनो, एकोणीस वर्षांनी मी खरे बोलले. फरंगीसने चहासाठी दातांत धरलेला साखरेचा खडा तसाच विरघळून गेला, प्याला हातातच राहिला. दोन मिनिटांचा तो कोपरा संपला तेव्हा रहमत रडत होता. अगदी लहान मुलासारखा, नाकातून.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारले. "एकोणीस वर्षं?"

"पहिला सबंध हिवाळा दाराशी बसून होते. तू पीठ घेऊन येशील, मग सांगेन म्हणून. नंतर राग आला. रागावर बरे दिवस निघतात, रहमत. आता मरायला टेकले, राग पुरला नाही. म्हणून आले."

इथे सगळे नीट होऊ शकत होते. मंगळवार तीन दिवसांवर होता, फीत कोरी होती, आणि चूक त्याची नव्हती. पण त्याच्या छातीला मी टेकलेली होते आणि आत काय चालले आहे ते मला कळत होते. खरे सांगायचे तर हेही सांगावे लागणार होते की मिर्झाने त्याला शेवटचा कोपरा दिलाच नाही. बारा वर्षांच्या घागरी, तळहातावरचा डाग, एवढे सोसून म्हाताऱ्याने त्याला त्या लायकीचा मानले नाही. आणि दिलेले वचन न पाळता पाठ फिरवली नसती, तर हे त्याला चाळिसाव्याच दिवशी कळले असते. त्याने डोळे पुसले. मग अंगठ्याने पडदा वर सारला, होता तिथे.

"खानूमचं वय झालंय," तो फरंगीसला म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "कानाला आता वर-खाली कळत नाही. धडा पुढे घे."

वाद घालायला गौहर आली नव्हती. पुढ्यात ठेवलेली तीन डाळिंबे तिने उचलली, फडक्यात परत बांधली आणि उठली. उंबऱ्याशी फरंगीसकडे वळून म्हणाली, "तू ऐकलंस ना, मुली?" फरंगीसने नखी पुन्हा उचलली. गौहर त्याच हिवाळ्यात गेली.

ती गेल्यावर त्याच दुपारी रहमतने दार लावले. बारीक कानस घेतली, मला मांडीवर उताणे घेतले, सातवा पडदा कापून काढला आणि ती खाच घासायला बसला. उंटाचे हाड चिवट असते. पांढरी भुकटी त्याच्या काळ्या नखांवर साचत होती. खाच गेली, मग काचपेपर, मग तेलाचा बोळा. मग दोऱ्याचे माप घेऊन नवा पडदा बांधला. हे सगळे त्याने फार निगुतीने केले. माझ्यावर त्याचे प्रेम होते.

पुढच्या धड्याला फरंगीस आली आणि तिने पाचिनार वाजवताना स्वतःच्या तारेवरचा सातवा पडदा जवभर खाली सारला. तिने ऐकले होते तर!

रहमतने वाजवून होऊ दिले. मग विचारले, "तुला किती कोपरे आले?"

"दोनशे अकरा."

"राहिलेले हवेत?"

चौदा कोपरे राहिले होते. सात वर्षे तिने त्यांच्यासाठी लग्न लांबवले होते. रहमतने समोवारच्या निखाऱ्यापाशी मेणाचा गोळा धरला तेव्हा तिला काय होणार ते कळले, आणि तिने आपला उजवा तळहात स्वतःच उघडून पुढे केला. मला तो क्षण रहमतच्या अंगठ्यापेक्षाही वाईट वाटतो. रहमतच्या वेळी हात ओढून उघडावा लागला होता.

मंगळवारपासून नोंदणी झाली. कोपरे सव्वादोनशे, एकही न गाळता. पाचिनारच्या वेळी रहमत ध्वनिक्षेपकाकडे पाठ करून बसू लागला, तेव्हा यंत्रवाल्याला ध्वनिक्षेपक उचलून भिंतीशी न्यावा लागला. त्या फितीवरून हजारो मुले शिकली. एका विद्वानाने तर भिंतीकडे तोंड फिरवण्यावर प्रबंध लिहिला. त्यात म्हटले होते की कलावंत त्या क्षणी जगाकडे पाठ फिरवून अनंताला सामोरा जातो. मी तो वाचला नाही, पण पाटीवर त्यातले एक वाक्य आहे.

मध्ये बरेच काही झाले. राजे गेले, वाद्ये काही वर्षे पुन्हा अंगरख्याखाली गेली, पुन्हा बाहेर आली. रहमत मेला. मरताना त्याने फरंगीसला बोलावले, आणि मला वाटले, आता तरी. त्याने मला तिच्या हाती दिले आणि सांगितले, "पडदे सांभाळ." तिने डोक्यावर हात ठेवला. पुढे तिची बोटे संधिवाताने वाकली, तेव्हा तिने मला या संग्रहालयाला दिले. सोबत स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा दिला, कुठला पडदा कुठे, रेघेरेघेने.

इथे माझी काळजी फार चांगली घेतात. धूळ नाही, ऊन नाही, कुणी हात लावत नाही. फक्त हवा कोरडी आहे. कोरड्या हवेत अक्रोडाची मान किंचित आकसते आणि तातीचे वेढे सैल पडतात. मी उभी टांगलेली आहे. त्यामुळे सातवा पडदा, का कोण जाणे इतरांआधी तोच, आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरतो. शनिवारी तो जागेवर घेतात, आणि गुरुवारपर्यंत जवाच्या दाण्याएवढा उतरतो. म्हणजे दर गुरुवारी मी बरोबर असते. माझ्या तारा उतरवून ठेवल्या आहेत, म्हणून आवाज तेवढा नाही.

मागच्या वसंतात फरंगीस आली. आता ती सत्तरीच्या पुढे आहे, देशातली सर्वांत मोठी उस्ताद. बरोबर तिचे शिष्य होते. त्यांना दालनाच्या टोकाला थांबवून ती एकटी काचेपाशी आली. गुरुवार होता. तिने वरपासून पडदे मोजत नजर खाली आणली आणि सातव्यावर थांबली. मग तिने उजवा हात काचेवर टेकला. तळहातावरचा तो गोल डाग माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तिचे ओठ हलले. काचेतून एवढा हलका आवाज येत नाही, पण मी जन्मभर हेच वाजवत आले, मला ओठांवरूनही कळते. ती पाचिनार गुणगुणत होती. खरे पाचिनार, गौहर कणीक मळताना गुणगुणायची तसे. तिला ते सगळे आठवत होते. सेहेचाळीस वर्षे तिने ते आत जसेच्या तसे सांभाळले होते आणि बाहेर एकालाही दिले नव्हते.

म्हटले, बाई, आता बोल. शिष्य मागे उभे आहेत, काही जणांची बोटे सरळ आहेत. गौहरने जाताना तुलाच विचारले होते.

तिने हात काढला, रुमालाने काचेवरचा ठसा पुसला आणि दालनाच्या सेवकाला हाक मारली. त्याचे नाव सफ्दर.

"आगा सफ्दर, सातवा पडदा घसरलाय."

"हो, खानूम. कोरड्या हवेनं घसरतो. मी दर शनिवारी तुमच्या नकाशाप्रमाणे वर घेतो."

"आजच घ्या," ती म्हणाली. "मुलं बघतायत."

त्याने पेटी उघडली, हातमोजे चढवले आणि पडदा वर सारला. मग फरंगीसने शिष्यांना पुढे बोलावले आणि त्यांच्यातल्या एकीला माझ्या सन्मानार्थ पाचिनार वाजवायला सांगितले. मुलगी खाली बसली आणि तिने आपले वाद्य छातीशी धरले. मग माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड फिरवून, फार सुंदर, फार मन लावून, ते चुकीचे वाजवले. फरंगीसच्या डोळ्यांत पाणी आले. सगळ्यांना त्याचे कौतुक वाटले.

मित्रांनो, माझ्यासारखी आत्मवृत्ते शेवटी सांगतात की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मी तसे सांगणार नाही. तीन माणसांनी माझी पोटच्या लेकरासारखी काळजी घेतली आणि तिघांनी माझे तोंड बंद केले. तुम्हाला कुणाला काही द्यायचेच असेल, एखादा सूर, एखादी विद्या, एखादी भाजीची रीत, तर पुरती द्या, नाहीतर देऊच नका. अर्धे दिलेले फार दूरवर जाते. आणि कुणी द्यायला बसले तर त्याच्या छातीकडे बघू नका, अंगठ्याकडे बघा.

शक्य झाले तर गुरुवारी या. नाक काचेला लावून वरून सातवा पडदा बघा आणि त्याची जागा ध्यानात ठेवा. शनिवारी सफ्दर येतो. त्याचा हात फार हलका आहे.